जांभळ्या रेघा

माझी नात अप्लाइड फिजिक्सच्या पदवीचे दुसरे वर्ष संपवून तिसऱ्यात गेली तेव्हा तिला विशेष विषय निवडायचा होता. महाविद्यालयाने चार विषय पुढे ठेवले होते. त्यांतील दोन तिने पहिल्याच दिवशी बाजूला सारले. उरलेल्यांपैकी एक प्रकाशकी, म्हणजे भिंगे, लेसर, प्रकाशतंतू यांचे शास्त्र. दुसरा वैद्यकीय किरणोत्सर्गाचा, म्हणजे कर्करोगाच्या गाठीवर सोडायचे किरण किती, कुठून आणि कुठवर जावेत याचे गणित. निवड गुरुपौर्णिमेच्या सुमारास कळवायची होती आणि एकदा कळवली की ती बदलता येणार नव्हती.

तिचे आईवडील ठाण्याला असतात. महाविद्यालय जवळ पडते म्हणून ती माझ्याकडे गिरगावात राहते. आमच्या दोन खोल्यांत तिची पुस्तके देव्हाऱ्याच्या खालच्या फळीपर्यंत आली आहेत, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी पाठशाळेत वाढलो, पुढे आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले. भौतिकशास्त्र मला येत नाही. तरीही तिने प्रकाशकी घ्यावी असे मला वाटत होते आणि ते मी तिला सांगितले. तेज हे आमच्या दर्शनांनी मूळ द्रव्यांत गणलेले आहे, त्याचे स्वरूप समजून घेण्यात एक जन्म गेला तरी तो सार्थकी लागेल, असे मी बोललो.

ती हसली. म्हणाली, "आजोबा, ऑप्टिक्स घेतलं तर पुढे ठाकूरद्वारला चष्म्याचं दुकान काढून द्याल ना?"

मी म्हटले, देईन, आणि पहिला चष्मा माझाच बनव.

मी तिला सांगितलेले कारण खोटे नव्हते, पण पूर्णही नव्हते. तिची आजी कर्करोगाने गेली. तिच्यावर किरणांचे उपचार परळच्या रुग्णालयात झाले. तेव्हापासून मी त्या रस्त्याने जात नाही. दादरला जायचे झाले तरी लालबागवरून जाणारी बस टाळतो आणि वरळीच्या बाजूने वळसा घालून जातो. ती यंत्रे ज्या तळघरात असतात तिथे नातीने रोज उतरावे, ही कल्पना मला सहन होत नव्हती. त्याहूनही खोल अशी एक शंका होती. तिला तो विषय हवासा वाटतो आहे की घरातले गेलेले माणूस तिला तिकडे ओढते आहे, हे मला कळत नव्हते. त्या विषयाचे टिपण वाचताना तिच्या चेहऱ्यावर कुतूहल नसे. देणे चुकवायला निघालेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा असे. आणि वाचताना ती मधूनच दोन्ही तळवे कुर्त्याला पुसत असे, जणू त्यांना काही लागले आहे.

त्या हातांना काय लागले होते ते मला ठाऊक होते. ते तिला आठवत असेल, असे मात्र मी धरले नव्हते. तेव्हा ती फार लहान होती.

किरणोपचार सुरू करण्यापूर्वी रुग्णाच्या अंगावर शाईने रेघा आखतात. माझ्या पत्नीच्या गळ्याखाली आणि डाव्या कुशीवर अशा जांभळ्या रेघा होत्या, एकमेकींना छेदणाऱ्या. यंत्राने रोज नेमक्या त्याच जागी किरण सोडायचे तर त्या रेघा टिकायला हव्यात. तिथे पाणी नको, साबण नको, तेल तर मुळीच नको, असे बजावलेले होते. रोज स्नान करून, सोवळे नेसून देवपूजेची तयारी करणारी ती बाई. ओल्या फडक्याने अंग पुसून समाधान मानायला लागली होती. फुले वेचून दिली तरी देवांना हात लावीत नसे. म्हणे, मी अर्धवट धुतलेली आहे.

उपचार निम्म्यावर आले असताना दिवाळी आली. शुश्रूषेसाठी मुलगी आणि ही लहानगी नात आमच्याकडेच मुक्कामाला होत्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे मी तांब्याचा बंब पेटवला. पत्नी म्हणाली, "अहो, आज तरी मला पाटावर बसू द्या. ही एक आंघोळ चुकवली तर यमाला मी आयतीच सापडेन." मुलगी रागावली. शेवटी तडजोड झाली. तेल फक्त डोक्याला आणि पायांना, उटणे फक्त पाठीला, पुढच्या अंगाला काही नाही. पाठ चोळायचा मान नातीने हट्टाने मागून घेतला. मोरीत त्या दोघी होत्या. मुलगी ओवाळणीचे तबक लावत होती. मी दाराबाहेर, बंबापाशी होतो.

थोड्या वेळाने पाणी मोरीतून वाहताना जांभळे दिसले.

आठवणीत राहावे असे नंतर फारसे काही घडले नाही, हेच विचित्र आहे. कोणी ओरडले नाही. पत्नीने तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडले, ओवाळून घेतले, फराळाचा घास घेतला. दोन-तीन दिवस रुग्णालयाचा तो विभाग सणासाठी बंद होता. उघडल्यावर रेघा नव्याने आखायच्या होत्या, त्यासाठी पुन्हा मोजणी करायची होती, आणि मोजणीच्या यंत्रावर गर्दी होती. खंड वाढत गेला. पुढे उपचार पुरे झाले. पुढच्या ज्येष्ठात ती गेली.

मी तिचे सर्व संस्कार यथासांग केले. वर्षश्राद्ध केले, पितृपक्षातला महालय कधी चुकवला नाही. शास्त्राप्रमाणे तिची पुढची वाट मोकळी झालेली आहे, याबद्दल मला संशय घेता येत नाही. पण दुपारी जेवून मी पडलो की आतल्या खोलीतून तिचे खाकरणे ऐकू येते, वर्षानुवर्षे ऐकत आलो तसेच. मोरीतल्या सागवानी पाटावर डाव्या कडेला जांभळा डाग आहे. चिंच लावून पाहिली, राख लावून पाहिली. मी रोज पहाटे त्याच पाटावर बसून स्नान करतो. तो बदलावा असे मुलगी म्हणते. मी बदललेला नाही. मला भीती वाटत नाही, पण शांतही वाटत नाही. विधी सांगतात की ती गेली आणि घर सांगते की गेलेली नाही, आणि या दोन साक्षींमध्ये मी रोज बसतो.

निवड कळवायच्या आधीच्या आठवड्यात नातीच्या प्राध्यापकांनी तिला परळच्या त्याच रुग्णालयात जाऊन तिथले काम पाहून यायला सांगितले. त्यांच्या ओळखीची एक भौतिकतज्ज्ञ तिथे होती. नात मला म्हणाली, तुम्ही चला. मी म्हटले, आईला ने. ती म्हणाली, आई तिथे गेली तर रडेल आणि मला काही विचारता येणार नाही. मग मी गेलो. बस लालबागवरून गेली. पुलाखालची दुकाने, गणपतीच्या कारखान्यांवर घातलेले ताडपत्रीचे मांडव हे सगळे मी इतक्या वर्षांनी पाहिले, आणि ते इतके जसेच्या तसे होते की मला बरे वाटले नाही.

तळघराचा जिना नवा झाला होता. वासाने मात्र मला ओळखले.

ती भौतिकतज्ज्ञ चाळिशीची, साधी, बोलकी बाई होती. त्या दुपारी यंत्राची देखभाल चालू असल्याने रुग्ण नव्हते. तिने आम्हांला जाड भिंतींच्या खोलीत नेले आणि दिवे मंद केले. दोन्ही भिंतींतून आणि छतातून लेसरच्या बारीक तांबड्या रेषा निघाल्या आणि रुग्णाला झोपवायच्या टेबलाच्या वर, हवेत, एका जागी मिळाल्या. रुग्णाच्या अंगावरच्या रेघा आम्ही या रेषांशी जुळवतो, ती म्हणाली. टेबल रिकामे होते. त्या छेदबिंदूच्या खाली कोणी नव्हते. मी त्या जागेकडे पाहत राहिलो. कुशीची उंची तेवढीच होती. पत्नी तिथे आहे असे मला वाटले नाही. तिच्या आकाराची एक जागा कोणीतरी धरून ठेवली आहे, असे वाटले, आणि ते अधिक कठीण होते. मी मनातल्या मनात नामस्मरण सुरू केले. नात माझ्या शेजारी उभी होती. तिचे दोन्ही हात पाठीमागे होते.

बाहेर आल्यावर बाईंनी चहा मागवला. नातीने विचारले की शाईच्या रेघा पुसल्या गेल्या तर काय करता. बाई हसल्या.

"अगं, दिवाळीनंतरचा पहिला दिवस म्हणजे आमचा रांगोळीचा दिवस. निम्मे पेशंट उटणं लावून येतात. आणि होळीनंतर तर विचारूच नकोस, आमची शाई कुठली आणि त्यांचा रंग कुठला तेच कळत नाही."

नात हसली नाही. तिने विचारले, "आणि त्यामुळे खंड पडला तर? मोठा. आधी सुट्ट्या, मग मशीनला जागा नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "कुणाचं विचारतेयस?"

"आजीचं. रेघा मी धुतल्या होत्या."

हे ती इतक्या सरळपणे म्हणाली की ते वाक्य तिने मनात किती वेळा म्हटले असेल हे मला त्याच क्षणी कळले. आधी सणासुट्ट्यांत आणि आता दोन वर्षे रोज ती माझ्याबरोबर त्याच घरात, त्याच मोरीत वावरत होती. दिवाळीत उटण्याला हात लावत नसे, तेव्हा आम्ही म्हणत असू की हल्लीच्या मुलींना साबणच आवडतो.

बाईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "हे बघ, खंड पडला की पुढे दिवस वाढवून तो भरून काढायचा प्रयत्न करतात. तुझ्या आजीच्या बाबतीत त्याने फरक पडला का, हे मी सांगू शकत नाही. हो म्हटलं तरी खोटं, नाही म्हटलं तरी खोटं. पण एक सांगते. रेघा पुसल्या जाणार हे धरूनच आम्हाला चालायला हवं. सगळं जर एका लहान मुलीच्या हातावर अवलंबून असेल, तर चूक हाताची नाही, आमच्या पद्धतीची आहे."

आता बहुतेकांच्या त्वचेवर सुईने बारीक ठिपके टोचतात, ते जात नाहीत, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी संगणकावर एक काल्पनिक रुग्ण उघडून दाखवला. एकाने केलेले गणित दुसरा माणूस वेगळ्या पद्धतीने, पहिल्याचे उत्तर न पाहता, पुन्हा करतो. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर रुग्णाला आत नेत नाहीत. रोज सकाळी पहिला रुग्ण येण्यापूर्वी किरणही मोजून पाहतात, काल बरोबर होता म्हणून आज बरोबर आहे असे मानत नाहीत. नात पुढे सरकून बसली. दुसरा माणूस तीच चूक करणार नाही कशावरून, असे तिने विचारले. बाईंना तो प्रश्न आवडला. त्यानंतरचे त्यांचे बोलणे माझ्या आवाक्याबाहेरचे होते, पण नातीचे हात आता टेबलावर होते आणि ती एका कागदावर आकृती काढत होती. मी त्या आकृतीकडे पाहिले नाही, तिच्याकडे पाहिले. त्या विषयाच्या संदर्भात देणेकऱ्याचा नसलेला तिचा चेहरा मी प्रथमच पाहत होतो.

निघालो तेव्हा ऊन उतरले होते. भोईवाड्याच्या बाजूला एका देवळाच्या ओट्यावर मी बसलो. ती शेजारी बसली. इतके दिवस मी जे माझ्याजवळ ठेवले होते ते मला तिथे सांगावेसे वाटले. ते मी लपवले होते असे नाही. तिला त्याची गरज आहे हेच मला ठाऊक नव्हते.

मी म्हटले, "बाळ, त्या पहाटे मी दाराबाहेर होतो. तुझी आजी काय म्हणाली ते मी ऐकलं आहे. ती तुला म्हणाली, 'तिथेही चोळ गं. सणाच्या दिवशी अंगावर शाई नको.' तू तिचं ऐकलंस, एवढंच."

समोर एक बाई देवापुढची निर्माल्याची टोपली रिकामी करत होती.

नात म्हणाली, "नाही आजोबा. ती म्हणाली, 'तिथे हात लावू नकोस हं.' मला आवाजसुद्धा आठवतो. मी लावला, कारण मला वाटलं, ते घाण आहे आणि मी काढलं तर ती बरी होईल."

मी पुन्हा सांगितले. तिने पुन्हा नकार दिला, हट्टाने नव्हे, हळूच, मला दुखवायचे नसल्यासारखा. मग तिने विचारले, "तुम्हाला नक्की ऐकू आलं होतं का? बंबात लाकडं फुटत होती ना?"

माझे सारे शिक्षण कानाने झाले. पाठशाळेत एक स्वर ढळला तर गुरुजी संपूर्ण अध्याय पहिल्यापासून म्हणायला लावीत. आज या वयातही बालपणी मुखोद्गत केलेले मी अक्षराचीही चूक न करता म्हणतो. कोणी मध्यरात्री उठवून एखाद्या पदाचा स्वर विचारला तर सांगेन. आणि चाळीस वर्षांहून अधिक सहवास घडलेल्या माझ्या पत्नीचे, दाराच्या एका फळीपलीकडून आलेले एक वाक्य नक्की काय होते, हे मी शपथेवर सांगू शकत नव्हतो. ते मी ऐकले होते, की तिच्या मृत्यूनंतर कधीतरी, त्या पाटावर बसून, मीच रचले होते? पठणात आम्हांला आधार असे तो दुसऱ्याचा. एक चुकला तर शेजारचा सावरतो. त्या वाक्याला शेजारी नव्हता. एक मी म्हातारा आणि एक तेव्हाची ती लहान नात, आणि दोघांची वाक्ये जुळत नव्हती.

मी तिला म्हटले, "मला खात्री नाही."

असे म्हणताना मला वाटले की मी तिच्या हातातला एकमेव आधार काढून घेतो आहे. पण तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले आणि म्हणाली, "मलाही नाही. आजच कळलं."

दोन दिवसांनी तिने मला बोलावले आणि निवड कळवण्यापूर्वी संगणकावर भरलेला अर्ज दाखवला. तिने किरणोत्सर्गाचा विषय घेतला होता. मी विचारले, कोणासाठी? हा प्रश्न मला विचारावाच लागणार होता आणि तिला तो अपेक्षित होता.

"आजीसाठी नाही," ती म्हणाली. "आजीसाठी असतं तर मला ते टेबल रोज बघवलं नसतं. तिथे माझं चुकलं तर दुसरं कोणीतरी बघणार आहे, आणि दुसऱ्याचं मी बघणार आहे. मला असं काम हवंय."

"आणि तेज?"

"लेसर आहेत ना, छतात," ती म्हणाली. "तुमच्यासाठी तेवढे."

मी देवापुढे साखर ठेवली. तिने बटण दाबले.

आता ती रोज सकाळी लवकर जाते. झोप शांत लागते असे ती आईला फोनवर सांगते. मलाही ते दिसते. परवा मी गॅलरीत आसन घालून संध्या करीत होतो. आत ती आईशी फोनवर बोलत होती. काहीतरी दिवाळीच्या बेताचे चालले असावे. बोलता बोलता ती म्हणाली, "अगं, तेव्हा आजीनेच सांगितलं होतं की चोळ म्हणून." अगदी सहज म्हणाली, जसे आपण एखादा सर्वांना ठाऊक असलेला पत्ता सांगतो तसे. तिने माझे वाक्य घेतले होते. देवळाच्या ओट्यावर ते तिने नाकारले होते, पण कोणत्यातरी दिवशी, माझ्या नकळत, घेतले. ते तिला आधार देत असेल तर ते खरे आहे की नाही हे मी तिला विचारणार नाही. त्याची गरजच उरली नाही.

मी अर्घ्य दिले आणि डोळे मिटले. दुपारचे ते खाकरणे आता क्वचितच ऐकू येते. पण संधिप्रकाशात, मन स्थिर होण्याच्या त्या क्षणी, मोरीच्या दाराआडून मला माझ्या पत्नीचा आवाज येतो. ज्या वाक्याच्या आधाराने मी इतकी वर्षे राहिलो ते ती म्हणत नाही. देवळाच्या ओट्यावर नातीने सांगितले होते तेच म्हणते, अगदी स्पष्ट, एकही अक्षर न ढळता, तिथे हात लावू नकोस हं, आणि लाकडे फुटत असूनही मला ते ऐकू येते.